डॉक्टरांची बढती : विनंती की हिशेब?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बडोद्याच्या दांडिया बाजारातील माझ्या कचेरीत सायंकाळच्या वेळी एक डॉक्टर गृहस्थ आले. वय पन्नाशीकडे झुकलेले, शासकीय सेवेत वीस वर्षे पुरी झालेली, हातात दोरीने बांधलेला कागदांचा जाडजूड गठ्ठा. ते कोणत्या रुग्णालयात आहेत, कोणत्या खात्यात आहेत, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यांनी गठ्ठा सोडला आणि वरिष्ठ श्रेणी मिळावी म्हणून वेळोवेळी केलेल्या पाच अर्जांच्या नकला माझ्यापुढे एकापुढे एक मांडल्या. पाचांची तारीख वेगळी. पण पाचांचा शेवट अक्षरशः एकच होता. ‘तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. कृपा असावी.’

मी विचारले, “डॉक्टरसाहेब, नियमाप्रमाणे ही श्रेणी आपल्याला केव्हा मिळावयास हवी होती?”

“सात वर्षांपूर्वी.”

“आपल्याविरुद्ध काही चौकशी? अहवालात काही प्रतिकूल शेरा?”

“मला कधी कळविलेले तरी नाही.”

“मग यात कृपा कोणाची आणि कशाबद्दल?”

ते किंचित ओशाळून हसले व म्हणाले, “वकीलसाहेब, असेच लिहावे लागते.”

असेच लिहावे लागते! या तीन शब्दांनी मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. हे गृहस्थ शस्त्रक्रियेच्या मेजापाशी उभे राहिले म्हणजे भोवतालची दहा माणसे त्यांच्या नजरेच्या इशाऱ्यावर हालचाल करतात. मध्यरात्री आणलेल्या अपघातग्रस्ताच्या बाबतीत यांचा निर्णय शेवटचा. आणि तोच मनुष्य आपल्या हक्काच्या श्रेणीसाठी कागद लिहावयास बसला, की एकदम आश्रित होतो. हा दोष त्या डॉक्टरांचा म्हणावा तर तो त्यांच्यापुरता राहिला असता. दोष त्या समजुतीचा आहे, जी बढतीला वरून टाकलेला प्रसाद समजते. माझे म्हणणे सरळ आहे. अनुभवी डॉक्टरची वरिष्ठ श्रेणी हा नोकरीचा चालू हिशेब आहे. तो ठरल्या तारखेस तपासून पुरा करणे हे सेवा घेणाऱ्याचे काम आहे. तो पुरा व्हावा म्हणून सेवा देणाऱ्याने पदर पसरणे ही व्यवस्थेची अप्रतिष्ठा आहे.

या मासिकाच्या वाचकांस हे तत्त्व मी नव्याने शिकवावे, असे नाही. आपल्या देवस्थानांतून सेवेच्या पाळ्या कशा चालतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहो. अमुक महिन्यात अमुक घराण्याची पूजा, अमुक उत्सवात अमक्याची पालखीची सेवा, हे वहीत लिहिलेले असते. ज्याची पाळी आली त्याने अर्ज करावा, विश्वस्तांच्या घरी चार हेलपाटे घालावेत आणि मग त्यांची मर्जी झाली तर समईत तेल घालावे, असा प्रकार कोठे ऐकला आहे काय? सोयर-सुतक असेल, आचारात दोष असेल, तर ती अडचण त्याला तोंडावर सांगितली जाते आणि पाळी पुढच्याकडे जाते. पण काहीच न सांगता पाळी गिळून टाकणे, हा अधर्म समजला जातो. गोव्याहून येऊन या नगरीत स्थायिक झालेले माझे आजोबा घरात कोंकणीतच बोलत. त्यांचे एक वाक्य मला आठवते : “पाळी मागची पडना, ती येता.” देवळाच्या वहीला जे कळते, ते सरकारी धारिकेला कळू नये, याचे आश्चर्य वाटते.

थोडा इतिहास पाहू. कारण ‘डॉक्टराने वेळ भरली म्हणून वर चढावे, ही आळशी लोकांची मागणी आहे,’ असे म्हणणाऱ्यांस इतिहास ठाऊक नसतो. इंग्रजी अमदानीत ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’ नावाची जी बलाढ्य सेवा होती, तिची स्पर्धापरीक्षा १८५५ साली सुरू झाली, तीही लंडनमध्ये. त्या सेवेतील अधिकाऱ्याचे हुद्दे कसे वाढत? विसाव्या शतकाच्या आरंभीचा क्रम असा होता की, तीन वर्षांनी कॅप्टन, बारा वर्षांनी मेजर आणि वीस वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. पंचांगासारखा हिशेब! गोऱ्या सर्जनाला ‘कृपा असावी’ असे लिहावे लागत नव्हते. त्याच रुग्णालयात, त्याच रोग्यांवर, त्याच उन्हात राबणारे देशी ‘हॉस्पिटल असिस्टंट’ मात्र कनिष्ठ सेवेत मोडत. त्यांचे नाव पुढे ‘सब-असिस्टंट सर्जन’ झाले. पण शिडीची उंची फारशी वाढली नाही. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांसारखे मोजके मराठी डॉक्टर त्या वरिष्ठ सेवेत शिरले आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याला पोचले. परंतु सातासमुद्रांपलीकडे जाऊन परीक्षा देण्याची ऐपत किती घरांत होती? तारखेनुसार बढती ही अशक्य गोष्ट नव्हती, ती फक्त कोणाला द्यावयाची हे ठरलेले होते. आपण स्वातंत्र्य मिळविले ते काय त्या शिडीच्या खालच्या पायऱ्या तेवढ्या सांभाळण्यासाठी?

या बाबतीत आमच्या बडोद्याला थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. ब्रिटिश मुलखात वरच्या वैद्यकीय जागा देशी माणसाला दुर्लभ होत्या, त्या काळात डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर हे बडोदे संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. पुढे मुंबईत परळला सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते १९२६ साली सुरू झाले; आणि तेथील अध्यापकवर्ग हिंदी असावा, ही देणगीमागची अटच होती. ज्या डॉ. जीवराज मेहतांनी त्या महाविद्यालयाचे अधिष्ठातापद भूषविले, त्यांनी त्यापूर्वी गायकवाड सरकारची चाकरी केलेली होती. १९४८ साली ते बडोद्याचे दिवाण झाले आणि १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९४९ साली निघाले. म्हणजे लायक देशी डॉक्टराला त्याच्या लायकीची जागा द्यावी, हा आग्रह या नगरीच्या अंगवळणी पडलेला आहे. त्या आग्रहाला लढ्याचे स्वरूप होते. आज तो एका टंकलिखित ‘नम्र विनंती’वर येऊन ठेपावा काय?

आता कायदा. येथे मला माझ्या धंद्याची भाषा थोडी वापरावी लागेल, वाचकांनी सोसून घ्यावी. केंद्र सरकारने १९९० साली टिक्कू समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून १९९१ साली डॉक्टरांच्या सेवाशर्ती सुधारण्याचे आदेश काढले. आजही गुजरातेतील सरकारी डॉक्टरांच्या बोलण्यात ‘टिक्कू’ हा शब्द एखाद्या श्रेणीच्या नावासारखा येतो. पुढे सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ च्या ऑक्टोबरात केंद्राने कालबद्ध बढतीची योजना वरच्या श्रेणीपर्यंत नेली. तिचा क्रम असा : चार वर्षांनी वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी, त्यापुढे पाच वर्षांनी मुख्य वैद्यकीय अधिकारी, आणखी चार वर्षांनी त्याच पदाची निवडश्रेणी आणि त्यापुढे सात वर्षांनी, म्हणजे सेवेच्या विसाव्या वर्षी, वरिष्ठ प्रशासकीय श्रेणी. या योजनेचा प्राण एका तरतुदीत आहे : वरची जागा रिकामी असो वा नसो, बढतीचा विचार व्हावयाचा. कारण वैद्यकीय सेवेचा आकार मुळातच पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी निमुळता. जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची तर पुढच्या माणसाच्या निवृत्तीची, नाही तर मृत्यूची वाट पाहावी लागे. वैद्याने कोणाच्या मृत्यूची वाट पाहावी, ही कल्पनाच किती किळसवाणी आहे! ही योजना केंद्रीय सेवांसाठी आहे. राज्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे आणि आपापल्या सवडीने तिचे अनुकरण केले. सगळी मेख आहे ती या ‘सवडी’त.

न्यायालयांनी काय म्हटले? बढतीसाठी पात्र असलेल्या सेवकाचा विचार होणे हा संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातील समान संधीचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली अजितसिंग प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. त्यापूर्वी १९८९ साली वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या एका प्रकरणात आणि नंतर आरोग्य मंत्रालयातील शास्त्रज्ञांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की, होतकरू माणसाला वर जाण्याची खरीखुरी संधी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. साचलेपणाने सेवेची कार्यक्षमता घटते. २००८ सालचे देवदत्त प्रकरण तर प्रत्येक सरकारी नोकराने वाचावे असे आहे. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी मात्र ‘फार चांगला’ लागत होता. आणि हा ‘चांगला’ त्याला कोणी कधी कळविलाच नव्हता. न्यायालयाने सांगितले की, केवळ वाईटच नव्हे, तर प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या मतावर शिक्कामोर्तब केले.

येथपर्यंत ऐकून वाचक म्हणतील, ‘मग आणखी काय पाहिजे? हक्क तर मान्य झाला!’ थांबा. वकिलाने आपल्या बाजूचे तेवढेच निवाडे वाचून दाखविणे बरे नव्हे. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा स्पष्ट केले की, हक्क आहे तो विचार होण्याचा. किमान सेवा पुरी झाली म्हणजे बढती आपोआप पदरात पडते, असे नव्हे. आणि १९८९ पासूनचा नियम असा की, बढती लागू होते ती आदेशाच्या तारखेपासून, जागा रिकामी झाल्याच्या तारखेपासून नव्हे. या दोन नियमांच्या फटीत माणसाचे आयुष्य कसे चिरडते, याचे उदाहरण २०२४ च्या नोव्हेंबरातील निवाड्यात आहे. पश्चिम बंगालच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील एका शास्त्रज्ञाची बढतीसाठी शिफारस झाली ती २०१६ च्या डिसेंबराच्या अगदी अखेरीस. महिनाअखेरीस ते निवृत्त झाले. आणि अंतिम मान्यता आली ती नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. न्यायालयाला म्हणावे लागले की, पदाचा कार्यभार हाती घेतलाच नाही तर निवृत्तीनंतर मागल्या तारखेने बढती देता येत नाही. कायद्याच्या चौकटीत हा निवाडा समजण्यासारखा आहे. पण त्यातून निघणारी व्यवहाराची शिकवण काय? विलंब ज्याने केला त्याला विलंबाची पै देखील पडत नाही; सारा भुर्दंड ज्याला विलंब सोसावा लागला त्याच्या माथी.

आणि हा विलंब होतो तरी कसा? त्यात दुष्टपणा क्वचितच असतो. दुष्टपणा असता तर लढणे सोपे गेले असते. धारिका निघते, सेवाज्येष्ठतेची यादी ‘तात्पुरती’ असल्याचे आढळते, म्हणून ती थांबते. यादी पक्की होते, तो अहवाल अपुरे निघतात; दोन वर्षांचा अहवाल ज्या अधिकाऱ्याने लिहावयाचा, तो बदलून गेलेला किंवा निवृत्त होऊन गावी शेती पाहत असतो. अहवाल जमतात, तेव्हा दक्षता विभागाचा दाखला जुना झालेला असतो. तो नव्याने मागविला जातो. दाखला येतो, तेव्हा बढती समितीच्या तिघा सदस्यांपैकी एक रजेवर. समिती बसते, तोपर्यंत पुढचे वर्ष लागलेले आणि ‘अद्ययावत अहवाल जोडावेत’ असा शेरा मारून धारिका पुन्हा गोकुळाष्टमीच्या गोफासारखी उलगडू लागते. प्रत्येक मेजावरचा प्रत्येक कारकून खरे बोलत असतो; आणि तरीही सात वर्षे निघून जातात. वस्तुतः केंद्र सरकारने १९९८ सालीच बढती समित्यांचे आदर्श वेळापत्रक घालून दिले आहे. जागा रिकामी होण्याच्या आधीच नावांची यादी तयार असावी, हा त्याचा हेतू. वेळापत्रक आहे, पण ते चुकले तर जाब कोणाला विचारावयाचा, हे त्यात नाही. आगगाडीचे वेळापत्रक छापावे आणि गाडी सोडण्याची जबाबदारी कोणावरच ठेवू नये, तशी ही गत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि आपल्या समाजात सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा की, वैद्यक ही सेवा आहे. सेवाव्रती माणसाने श्रेणी-श्रेणी करावे हे शोभते काय? हा आक्षेप घेणाऱ्यांस मी एवढेच विचारतो की, आपण ज्यांना सेवाव्रती म्हणता, त्यांच्या मुलांची फी सेवाव्रताच्या नावाने माफ होते काय? वैद्याला आपण नारायण म्हणतो. पण नारायणाला देखील नैवेद्य वेळेवर लागतो आणि तो चुकला तर आपण प्रायश्चित्त घेतो. सेवाभाव ही सेवा करणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा आहे. सेवा घेणाऱ्याने दुसऱ्याचे देणे बुडविण्यासाठी काढलेली ती पळवाट नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. वेळ भरली की बढती, असे झाले तर कर्तबगार आणि कामचुकार यांत भेद काय उरला? मी हा आक्षेप मान्य करतो, आणि म्हणूनच कालबद्धतेचा आग्रह धरतो. नीट पाहा : ‘कालबद्ध’ याचा अर्थ विचार ठरल्या काळात व्हावा, अपात्र माणसालाही वर ढकलावे, असा नव्हे. समितीने अहवाल वाचावेत, काम तपासावे, जरूर तर नकार द्यावा. पण तो नकार तारखेवर द्यावा, सकारण द्यावा आणि लेखी द्यावा. कामचुकार डॉक्टर नकाराला भितो. कर्तबगार डॉक्टर मौनाने मरतो. आजच्या पद्धतीत कामचुकाराला ‘तुमची लायकी नाही’ असे सांगण्याचे धाडस कोणी करीत नाही आणि गुणवंताला ‘तुमची लायकी आहे’ असे सांगण्याची तसदीही कोणी घेत नाही. दोघेही त्याच रांगेत, त्याच धारिकेत धूळ खात पडलेले. गुणांची कदर करावयाची असेल, तर आधी गुण मोजावयाला वेळेवर बसावे लागेल.

तिसरा आक्षेप पैशाचा. तिजोरीवर भार पडेल! पण अनुभवी डॉक्टर गेल्याचा भार कोणत्या जमाखर्चात मांडता? आमच्या सर सयाजीराव रुग्णालयाच्या आवारात सकाळी जाऊन उभे राहावे. पंचमहाल, दाहोद, छोटा उदेपूर येथून, सीमेपलीकडच्या झाबुआ-अलिराजपुरातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे तेथे ओट्यांवर बसलेली दिसतील. त्यांना खासगी रुग्णालयाचा दरवाजा माहीत नाही. नाडीवर बोट ठेवताच किंवा पोट चाचपताच ज्याला पुढचे संकट दिसते, असा वीस वर्षांचा हात सरकारी नोकरी सोडून गेला, तर श्रीमंत रोगी त्याच्यामागे चारचाकीतून जाईल. दाहोदचा शेतमजूर कोठे जाणार? डॉक्टरच्या श्रेणीचा प्रश्न डॉक्टरांचा घरगुती प्रश्न नव्हे, तो या ओट्यावर बसलेल्या माणसाचा आहे. अनुभवाचे मोल शासनाच्याच शाखांना कळत नाही, असेही नाही : राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२५ साली नियम केले, त्यांनुसार २२० खाटांहून कमी नसलेल्या शासकीय रुग्णालयात दहा वर्षे काम केलेला पदव्युत्तर डॉक्टर, अध्यापनात नसला तरी, सहयोगी प्राध्यापकाच्या पदास पात्र ठरतो. म्हणजे दहा वर्षांचा रुग्णालयीन अनुभव विद्यार्थ्यांना शिकविण्यास पुरेसा; पण वीस वर्षांचा अनुभव स्वतःच्या श्रेणीच्या धारिकेला हलविण्यास अपुरा!

आपल्यापैकी पुष्कळांची मुले विलायतेत डॉक्टर आहेत. ते म्हणतात, तिकडे सर्व कसे सुरळीत! तिकडचीही हकिगत ऐकावी. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत सल्लागार डॉक्टर न झालेल्या अनुभवी लोकांसाठी ‘असोसिएट स्पेशालिस्ट’ ही वरची श्रेणी होती. ती २००८ साली नव्या लोकांस बंद झाली आणि तेरा वर्षे त्या पायरीच्या जागी भिंत उभी राहिली. २०२१ साली ‘स्पेशालिस्ट’ नावाची नवी श्रेणी निघाली : पदवीनंतर किमान बारा वर्षांचे काम, त्यांपैकी सहा त्या शाखेत. पण तेथेही रुग्णालयाने जागा निर्माण केली तरच अर्ज करावयाचा. आणि या मधल्या श्रेणींत राबणाऱ्यांत परदेशांत शिकून गेलेल्या डॉक्टरांचा भरणा मोठा. देश कोणताही असो, जेथे पात्रता डॉक्टराची आणि जागा मालकाच्या लहरीची, तेथे अनुभवी माणूस दाराबाहेरच उभा राहतो. त्या मानाने जागेची अट काढून टाकणारी आपली २००८ ची योजना तत्त्वतः पुढारलेली आहे. म्हणूनच तिचे तत्त्व कागदावर वाळत पडलेले पाहवत नाही.

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणारे वाचक येथे विचारतील, ‘आमच्या वैद्यांचे काय?’ २०२३ च्या एप्रिलमध्ये गुजरात शासन विरुद्ध डॉ. पी. ए. भट्ट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आकस्मिक सेवा, शवविच्छेदन, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांतील साहाय्य ही कामे आयुर्वेदाचे डॉक्टर करीत नसल्यामुळे त्यांना ॲलोपॅथीच्या डॉक्टरांइतक्या वेतनाचा दावा करता येत नाही. या निर्णयाने अनेक मने दुखावली. परंतु दोन प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नये. दोन शाखांचे वेतन समान असावे की नाही, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर न्यायालयाने दिले. प्रत्येक शाखेतील माणसाचा आपल्याच शाखेच्या शिडीवर ठरल्या वेळी विचार व्हावा, हा दुसरा. त्याला कोणत्याही निवाड्याने नकार दिलेला नाही. वैद्य असो, दंतवैद्य असो, सर्जन असो, पाळी ज्याची त्याला मिळालीच पाहिजे.

डॉक्टरांनाही चार शब्द सुनावल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये गुजरातेतील सरकारी डॉक्टर आणि वैद्यकीय अध्यापक वेतन व सेवाशर्तींच्या मागण्यांसाठी संपावर गेले. त्यांच्या मागण्यांतील न्याय मला मान्य आहे. पण बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या दाहोदच्या माणसाचा त्या विलंबात कोणता अपराध होता? आणि संपाच्या व्यासपीठावर गर्जना करणाऱ्यांपैकी कित्येकांनी आपला वार्षिक स्वयंमूल्यमापनाचा कागद मुदतीत भरलेला नसतो, सेवापुस्तकातील नोंद वर्षानुवर्षे पाहिलेली नसते, कळविलेल्या शेऱ्यावर हरकत नोंदविलेली नसते. रोग्याचा तक्ता दर चार तासांनी लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या सेवेचा तक्ता वर्षातून एकदा तरी पाहावा! हक्क मागणाऱ्याचे कागद स्वच्छ असावेत, ही कायद्याची पहिली शिकवण आहे.

आणि आता आपल्या घराकडे वळतो. सरकारला चार शिव्या देऊन लेख संपविणे सोपे होते. पण मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी मी एका धर्मादाय न्यासाचा विश्वस्त होतो. न्यासाचा लहानसा दवाखाना होता. तेथे एक वयस्क डॉक्टर रोज सकाळी तीन तास बसत. अत्यल्प मानधन, आणि तेही अकरा वर्षे जसेच्या तसे. एकदा त्यांचे पत्र सभेपुढे आले : मानधनाचा फेरविचार व्हावा, पदनामात ‘मानद’ऐवजी ‘मुख्य वैद्यकीय अधिकारी’ असे लिहावे. सभेत कोणी विरोध केला नाही. सर्वांनी त्यांची स्तुती केली. इतिवृत्तात नोंद झाली : ‘पुढील सभेत विचार करावा.’ पुढील सभेत उत्सवाचा विषय होता; त्यापुढील सभेत सभामंडपाच्या फरशीचा. फरशीला पैसे मंजूर झाले. त्या नोंदीखाली इतरांबरोबर माझीही सही आहे. डॉक्टर दोन वर्षांनी दवाखाना सोडून गेले. जाताना त्यांनी सर्वांना नमस्कार केला, तक्रार केली नाही. तो नमस्कार मला आजही टोचतो. माझ्या कचेरीत आलेल्या त्या दुसऱ्या डॉक्टरांचे पाच अर्ज वाचताना माझी झोप उडाली, तिचे खरे कारण हे होते. ‘सहानुभूतिपूर्वक विचार’ करणाऱ्यांच्या रांगेत मी स्वतः बसलेलो होतो.

म्हणून माझ्या मागण्या सरकारपुरत्या नाहीत. पहिली : प्रत्येक डॉक्टरच्या पात्रतेची तारीख नेमणुकीच्या दिवशीच वहीत लिहावी आणि ती तारीख येण्याच्या तीन महिने आधी खात्याने स्वतःहून कागद हलवावेत, अर्जाची वाट पाहू नये. दुसरी : निर्णय तारखेवर व्हावा, नकार असेल तर कारणासह लेखी असावा. तिसरी : विलंब झाल्यास तो कोणत्या मेजावर झाला याची नोंद त्या मेजावरच्या अधिकाऱ्याच्या अहवालात जावी, आणि डॉक्टर निर्दोष असेल तर लाभ पात्रतेच्या तारखेपासून द्यावा, त्यासाठी नियम बदलावे लागले तर बदलावेत. चौथी आपल्याकरिता : ज्या ज्या देवस्थानाचा, न्यासाचा, समाजाचा दवाखाना आहे, त्याच्या विश्वस्तांनी येत्या वार्षिक सभेत आपल्या डॉक्टरांचे मानधन आणि पदनाम शेवटी केव्हा तपासले, ते वर्ष वाचून दाखवावे. वाचताना मान खाली गेली, तर तीच आपली सुरुवात.

त्या डॉक्टरांना मी सहावा कागद लिहून दिला. त्यात नियम होता, पात्रतेची तारीख होती, मागील पाच अर्जांच्या तारखा होत्या आणि विशिष्ट मुदतीत लेखी निर्णय कळवावा, अशी मागणी होती. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि सवयीने लेखणी काढून शेवटी दोन शब्द जोडावयास हात पुढे केला. मी कागद ओढून घेतला. “नाही, डॉक्टरसाहेब,” मी म्हटले, “येथे फक्त सही करावयाची.”

त्यांनी सही केली.